खाटांमागचे हात

रुग्णालय बांधायला पैसा देणारे दाते मुंबईला कधी कमी पडले नाहीत. शहरात कामा, पेटिट, नायर. उपनगरांत कूपर, भाभा, देसाई, भगवती, अग्रवाल. घाटकोपरच्या ज्या रुग्णालयाला सगळे नुसते राजावाडी म्हणतात, त्याच्या पाटीवरही शेठ व्ही. सी. गांधी आणि एम. ए. व्होरा ही दोन नावे आहेत. इमारत दिसते, तिच्यावर नाव कोरता येते, म्हणून तिला दाता मिळतो. तिच्यात रात्रपाळीला जागणारी परिचारिका, रक्त तपासणारा तंत्रज्ञ, रुग्णाला कुशीवर वळवणारा वॉर्डबॉय ही माणसे घडवायला काही महिन्यांपासून तीन-साडेतीन वर्षांपर्यंत काळ लागतो. तेवढा काळ कोणाला तरी त्यांच्या जेवणाचा, राहण्याचा आणि शिकवणाऱ्यांचा खर्च सोसावा लागतो. गेल्या 140 वर्षांत मुंबईने हा खर्च कधी रुग्णालयाच्या रोजच्या खर्चाचाच भाग मानला, कधी विद्यार्थ्याच्या बापाच्या खिशावर टाकला, तर कधी एखाद्या योजनेत वर्षा-दोन वर्षांपुरता बसवला. पहिल्या पद्धतीने शहराला माणसे मिळाली, उरलेल्या दोन्हींनी फार थोडी मिळाली. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या रुग्णालयांना आज जी चणचण भासते, तिचे मूळ या फरकात आहे.

सुरुवात दक्षिण मुंबईतली. 1882 साली सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी निधी उभारायला घेतला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाच्या घरात देणगी दिली, सरकारने जागा देऊन रुग्णालय चालवण्याचा भार घेतला, आणि 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. इंग्लंडहून तिथे आलेल्या डॉ. एडिथ पीची यांच्या लवकरच लक्षात आले की स्त्री डॉक्टर आणली तरी तिच्या हाताखाली शिकलेली माणसे नसतील तर काम पुढे सरकत नाही. त्यांनी तिथेच परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले. 1885 चा डफरिन फंडही याच वाटेने गेला. स्त्री डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि सुईणी शिकवणे हे त्याच्या उद्दिष्टांतच लिहिलेले होते. जे. जे. रुग्णालयात 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत शिकायला आल्या. नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या प्रशिक्षित भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव येते, आणि नावाखेरीज फारसे काही येत नाही. पेस्तनजी कामांची देणगी रुपयांत सांगता येते. काशीबाईंना कोणी, कशाच्या बळावर शिकवले हे सांगायला कोणतीही पाटी नाही.

1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले आणि शहराची उणीव उघडी पडली. प्लेगच्या रुग्णालयांसाठी इंग्लंडहून परिचारिका बोलवाव्या लागल्या. तिकडे पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांच्यासारख्या एकट्यादुकट्या माणसांच्या त्यागावर रुग्णसेवा उभी राहू शकत नाही, त्यासाठी शिकलेल्या माणसांची फळी हवी, हे त्या साथीने दाखवून दिले. पण फळी उभी करायची तर मुली आणायच्या कुठून? परक्या पुरुषाचे अंग पुसणे, मलमूत्राचे भांडे उचलणे ही कामे जातीच्या आणि सोवळ्याच्या समाजात हलकी ठरलेली होती. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन काढले. पुढच्या वर्षी रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले आणि तिथल्या मुली, त्यांत अनेक विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. रमाबाईंनी घरोघरच्या वडीलधाऱ्यांची मने वळवली हे खरेच. पण मन वळल्यावर मुलीला राहायला वसतिगृह, शिकायला सरकारी रुग्णालय आणि हातात थोडे विद्यावेतन होते, म्हणून ती टिकली. ज्या विधवेला माहेरी-सासरी कुठेच आधार नव्हता, तिच्याकडे फी मागितली असती तर ती त्या दारापर्यंत पोहोचलीच नसती.

पुढची मोठी पायरी महापालिकेने चढली. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून मिळालेल्या पैशाला दात्यांनी अट घातली होती की इथे शिकवणारे आणि काम करणारे भारतीयच असतील. त्यातून परळला 1925-26 मध्ये जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. इमारतीनंतरचा सगळा खर्च शहराच्या करदात्यांनी उचलला. असहकाराच्या लाटेत 1921 साली निघालेले राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे नायर रुग्णालय 1946 मध्ये महापालिकेकडे आले. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय 1947 मध्ये सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी परिचारिकांचे शिक्षण रुग्णालयाच्या आतच चाले. मेट्रन हीच त्यांची शिक्षिका आणि वसतिगृहाची पालक, वॉर्ड हीच त्यांची वर्गखोली. 1935 च्या मुंबई परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागता नोंदणी कायद्याने या शिक्षणाला परीक्षा, नोंदणी आणि दर्जा दिला. तरी देशाच्या पातळीवर चित्र केविलवाणे होते. भोर समितीने 1946 च्या अहवालात नोंदवले की ब्रिटिश हिंदुस्थानात प्रशिक्षित परिचारिका अवघ्या 7 हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे 43 हजार लोकांमागे एक. डॉक्टरांचे प्रमाण 6 हजार 300 लोकांमागे एक असे होते. याचा अर्थ एका परिचारिकेमागे जवळपास सात डॉक्टर. एका डॉक्टरामागे कितीतरी परिचारिका असाव्या लागतात; आपल्याकडे ते नेमके उलटे पडले होते.

याच सुमारास मुंबईचा नकाशा बदलला. वांद्रे, कुर्ला, घाटकोपर-किरोळ अशा ठिकाणी तोवर स्वतःच्या लहान नगरपालिका होत्या. 1950 मध्ये महापालिकेची हद्द उत्तरेकडे सरकली आणि 1957 मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत जाऊन भिडली. गिरणगावातून, कोकणातून, गुजरातेतून आणि दक्षिणेतून आलेली माणसे या नव्या हद्दीत राहू लागली. लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखाने आले. 1948 च्या कामगार विमा कायद्याखाली कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून मुलुंड, कांदिवली, अंधेरी इथे विमा रुग्णालये झाली. महापालिकेची रुग्णालये घाटकोपर, बोरिवली, मुलुंड, सांताक्रूझ, जुहू इथे उभी राहिली. कार्यालयीन भाषेत त्यांना पेरिफेरल म्हणत, आजही म्हणतात. खाटा उपनगरांत आल्या, पण शिकवण्याचे मोठे केंद्र परळ, मुंबई सेंट्रल आणि शीव इथेच राहिले. परिचारिकांच्या पदवी शिक्षणासाठी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने 1964 मध्ये महाविद्यालय काढले, तेही दक्षिण मुंबईत. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात 30 लाख 85 हजार आणि उपनगर जिल्ह्यात 93 लाख 57 हजार माणसे मोजली गेली. दर चार मुंबईकरांत तिघे उपनगरांतले. तरी महापालिकेचे उपनगरातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय जुहूच्या कूपर रुग्णालयात सुरू झाले ते 2015 मध्ये. हद्द दहिसरला पोहोचल्यापासून 58 वर्षांनी.

याचा परिणाम मध्य रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्या कुठल्याही रुग्णाला ठाऊक असतो. मुलुंडला प्राथमिक उपचार होतात, घाटकोपरला दाखल करून घेतात आणि प्रकृती बिघडली की शीवला पाठवतात. पश्चिमेला बोरिवलीचा रुग्ण कूपरला आणि तिथून के. ई. एम. किंवा नायरला जातो. अनेकांना वाटते की हा यंत्रांचा प्रश्न आहे. पण यंत्र विकत घेता येते. ते चालवणारा तंत्रज्ञ आणि त्यावर नजर ठेवणारी परिचारिका ज्या रुग्णालयात शिकली त्याच रुग्णालयात सहसा राहते, तिथल्या वरिष्ठांची तिला सवय झालेली असते, तिथलीच जागा निघाली की ती अर्ज करते. जिथे शिकवले जाते तिथे रात्री दोन वाजताही वॉर्डात शिकाऊ हात असतात आणि त्यांना सांगायला वरिष्ठ असतात. शिकवणीच नसलेल्या रुग्णालयात माणसे बदलीने येतात आणि बदलीने जातात.

जुन्या पद्धतीचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. विद्यावेतनावरची शिकाऊ परिचारिका म्हणजे स्वस्तातली कामगार, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. सकाळी वॉर्डात अंगपुसणी, तापमान-नाडीचे तक्ते, औषधवाटप, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड, असा दिवस असे आणि वर्ग चुकला तरी वॉर्ड चुकता कामा नये अशी शिस्त असे. अमेरिकेत 1923 च्या गोल्डमार्क अहवालाने हेच दाखवले होते की रुग्णालये विद्यार्थिनींना शिकवण्याच्या नावाखाली राबवतात. त्यावर तिथे 1952 मध्ये मिल्ड्रेड माँटॅग यांनी वेगळी वाट काढली. परिचारिकांचे शिक्षण रुग्णालयाच्या अंगणातून काढून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या दोन वर्षांच्या समुदाय महाविद्यालयांत न्यायचे, आणि वॉर्डातले काम शिकण्यापुरतेच ठेवायचे. सात ठिकाणी तो प्रयोग झाला आणि नंतर देशभर पसरला. कामगार कुटुंबांतल्या, संसार असलेल्या, वय वाढलेल्या स्त्रियाही त्यातून परिचारिका झाल्या. आपल्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तिथे राबवणूक थांबवताना खर्च मुलींच्या अंगावर ढकलला गेला नाही, तो बऱ्याच अंशी शिक्षणाच्या सार्वजनिक पैशाने उचलला. आपल्याकडे शिक्षण रुग्णालयाबाहेर निघाले ते मात्र बहुतांशी खासगी संस्थांकडे गेले.

हे वळण 1980 च्या दशकात आले. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरू झालेली ही वाट पुढे नर्सिंगपर्यंत आली. आता शिकणारी मुलगी विद्यावेतन घेण्याऐवजी फी भरू लागली. कर्ज काढून शिकलेल्या मुलीला कर्ज फेडण्याएवढा पगार देणारी जागा हवी असते, आणि ती जागा लहान उपनगरीय रुग्णालयात क्वचितच सापडते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान 20 हजार रुपये मिळावेत असे म्हटले आणि अंमलबजावणी राज्यांवर सोपवली. एवढी साधी रक्कम देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मागावी लागली, यातच या पेशाची बाजारातली किंमत दिसते.

1980 च्याच दशकात सरकारने आणखी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही हेतू चांगले असून अर्ध्यावर राहिल्या. 1988 पासून राज्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एमसीव्हीसी, सुरू झाले. दहावीनंतर दोन वर्षांत वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नेत्रतंत्रज्ञ, बालक-वृद्ध आणि आरोग्य सेवा असे विषय अनुदानित वर्गांत, परवडणाऱ्या खर्चात शिकता येत. शिक्षणविषयक कोठारी आयोगाने 1966 मध्ये मागितले होते ते हेच. पण रुग्णालयांच्या भरतीचे नियम एका खात्याने लिहिले आणि अभ्यासक्रम दुसऱ्याने. बारावीचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलाला त्या जागेसाठी वेगळी पदविका लागते असे कळे. दुसरी गोष्ट, कृष्णन समितीने 1982 मध्ये सुचवल्याप्रमाणे झोपडपट्ट्यांजवळ आरोग्य केंद्रे काढण्याची. जागतिक बँकेच्या कर्जातून भारत लोकसंख्या प्रकल्प पाचमध्ये 1988 पासून मुंबईत ती उभी राहिली आणि वस्तीतल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्य स्वयंसेविका नेमले गेले. लसीकरण, गरोदर बायकांची नोंद, क्षयरुग्णांचा पाठपुरावा हे सगळे त्यांनी केले, आजही करतात. प्रकल्प संपला, कर्जाचा पैसा संपला, काम तेवढेच उरले. स्वयंसेविका हे नाव असल्यामुळे वर्षानुवर्षे मानधनावर काम करून कामगार म्हणून मान्यता मिळवण्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागले, न्यायालयात जावे लागले. शिकवण्यावर पैसा खर्च झाला आणि शिकलेल्या माणसाला जागा दिली गेली नाही, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मुंबईत सापडणार नाही.

पुढे जागा भरणेच आखडत गेले. महापालिकेने उपनगरीय रुग्णालयांतले काही अतिदक्षता विभाग बाहेरच्या संस्थांना कंत्राटाने चालवायला दिले. सफाई आणि परिचर यांच्याही जागा ठेकेदाराकडे गेल्या. शिकवण्याच्या बाजूला मात्र हालचाल झाली. 2013 मध्ये दिल्लीत समुदाय महाविद्यालयांवर मोठी परिषद झाली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत अशा महाविद्यालयांना अनुदान द्यायचे ठरवले. त्याआधी दोन वर्षे देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने व्यवसायशिक्षणाची स्वतंत्र शाळा सुरू केली होती. अमेरिकन नमुना अखेर आला, पण त्याचा गाभा मागेच राहिला. तिथे समुदाय महाविद्यालय हे गावच्या करावर आणि राज्याच्या अनुदानावर कायम चालणारे असते आणि जवळचे रुग्णालय त्याचे जुने भागीदार असते. इथे अनुदान योजनेच्या मुदतीपुरते होते, आणि विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात शिकेल, पुढे कोणत्या पदावर लागेल, याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. माझ्या मते समुदाय महाविद्यालयाची कल्पना उपनगरांसाठी अतिशय योग्य होती. बोरिवलीच्या मुलीला बोरिवलीतच शिकता आले आणि बोरिवलीच्याच रुग्णालयात लागता आले, तर लोकलचे चार तास वाचतात आणि ती नोकरी सोडत नाही. तेवढ्यासाठी रुग्णालय आणि महाविद्यालय यांना बांधणारा एक करार आणि दरवर्षीचा पैसा लागत होता.

मग 2020 आले. अंधेरीच्या मरोळमधले सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेच्या जमिनीवर 2010 मध्ये सुरू झालेले, दीड हजार खाटांची आखणी असलेले, पुढे बंद पडलेले. महापालिकेने ते करोनासाठी ताब्यात घेतले. गोरेगावला नेस्को, जुलैमध्ये मुलुंड आणि दहिसर इथे जम्बो केंद्रे उभी राहिली. इतक्या वेगाने इतक्या खाटा लावणे ही छोटी गोष्ट नव्हती, त्या अभियंत्यांना आणि अधिकाऱ्यांना श्रेय द्यायलाच हवे. पण मे महिन्यातच राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचे प्रमुख डॉ. तात्याराव लहाने यांना केरळच्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांना पत्र लिहून 50 डॉक्टर आणि 100 परिचारिका मागाव्या लागल्या. तिरुअनंतपुरमहून डॉ. संतोषकुमार यांच्याबरोबर आलेल्या पथकाने सेव्हन हिल्समध्ये काम केले. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत खाट होती, प्राणवायू होता, कृत्रिम श्वसनयंत्र होते आणि ते चालवायला माणसे दुसऱ्या राज्यातून आणावी लागत होती.

ही माणसे नेमके काय करतात ते एका उदाहरणाने पाहू. करोनाच्या गंभीर रुग्णाला पालथे निजवले की फुप्फुसांच्या मागच्या भागात हवा अधिक पोहोचते. शुद्धीवरचा रुग्ण स्वतः वळतो. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाला वळवायला चार-पाच जण लागतात. एक जण डोक्याशी उभा राहून नळी धरतो आणि तोच इशारा देतो. दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या बाजूला. मानेतली शीरवाहिनी, मूत्रनळी, छातीवरच्या तारा एकेक करून मोकळ्या करायच्या, चादरीसकट रुग्ण आधी कडेला सरकवायचा, मग कुशीवर, मग पोटावर. नळी दोन सेंटिमीटर सरकली तरी रुग्ण दगावू शकतो. वळवल्यानंतर कपाळ, गुडघे, छाती यांच्याखाली उशा, डोळ्यांवर पट्टी, आणि काही तासांनी तोंडाची बाजू बदलायची, नाहीतर गालावर व्रण पडतो. हे सगळे पीपीई किटमध्ये, घामाने धुरकटलेल्या चष्म्यातून. यातले कोणतेही काम व्हिडिओ पाहून शिकता येत नाही. ज्याने आधी साध्या वॉर्डात शेकडो रुग्ण वळवले आहेत त्याच्याच हाताला ते येते.

दुसऱ्या लाटेनंतर सरकारे जागी झाली. 18 जून 2021 रोजी पंतप्रधानांनी करोना योद्ध्यांसाठी विशेष अभ्यासक्रम सुरू केला. 26 राज्यांत 111 केंद्रे, 1 लाख तरुण, 276 कोटी रुपये आणि सहा प्रकारची कामे, त्यांत घरगुती शुश्रूषा, नमुने गोळा करणे, आपत्कालीन साहाय्य, वैद्यकीय उपकरणांची देखभाल. काही आठवड्यांचे वर्ग आणि नंतर सुमारे तीन महिने प्रत्यक्ष काम अशी रचना होती. त्याच वर्षी राज्यानेही मुख्यमंत्री महाआरोग्य कौशल्य विकास कार्यक्रम जाहीर करून सुमारे 20 हजार तरुणांना शिकवण्याचे ठरवले. शिक्षण रुग्णालयातच द्यायचे हे त्यातले शहाणपण होते. पण साथ ओसरली, जम्बो केंद्रे उतरवली गेली आणि तिथे कंत्राटावर घेतलेल्या हातांची गरज संपली. ते हात पुढेही लागणारच होते, कारण उपनगरांत मधुमेह, पक्षाघात, डायलिसिस आणि म्हातारपण यांची साथ ओसरत नसते.

हे हात सार्वजनिक पैशाने घडवावेत, यावर पहिला आक्षेप असा की सरकारी खर्चाने शिकलेल्या परिचारिका आखातात, युरोपात निघून जातात, मग करदात्याने का शिकवावे? जातात हे खरे आहे. मुंबईच्या रुग्णालयांतून शिकून गेलेल्या केरळच्या मुलींनी 1970 नंतर आखातातली कितीतरी रुग्णालये चालवली. पण केरळने म्हणून शिकवणे थांबवले नाही. उलट इतक्या जणींना शिकवले की जाणाऱ्या गेल्या तरी 2020 मध्ये मुंबईला पाठवायला त्यांच्याकडे माणसे उरली होती. जाणे रोखायचे असेल तर ठरावीक वर्षांच्या सेवेचा करार आणि भरलेली कायम जागा हे उपाय आहेत. शिक्षणाची फी वाढवून स्थलांतर थांबत नाही. फीचे कर्ज फेडण्यासाठीच तर मुली परदेशाची वाट धरतात.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. उपनगरांत आता मोठी खासगी रुग्णालये आहेत, त्यांपैकी काहींची स्वतःची नर्सिंग महाविद्यालये आहेत. मग हे काम त्यांनीच करावे. त्यांनी करावे, ते करतातही, आणि अंधेरीच्या होली स्पिरिटसारख्या धर्मादाय रुग्णालयांनी तर दीर्घकाळ केले आहे. पण खासगी रुग्णालय आपल्याला लागतील तेवढी आणि तशी माणसे घडवते. राजावाडीच्या जनरल वॉर्डसाठी किंवा गोवंडीच्या क्षयरुग्णासाठी माणूस घडवणे हा त्याचा हिशेब नसतो, आणि तसा नसल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. तो हिशेब सार्वजनिक तिजोरीचाच. लहान मुदतीच्या अभ्यासक्रमांबद्दलही टोकाची भूमिका घेण्याचे कारण नाही. नमुने घेणे, घरी म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणे यासाठी काही महिन्यांचे चांगले शिक्षण पुरते. त्या माणसाला परिचारिकेच्या जागी उभे करणे हा रुग्णावरही अन्याय आहे आणि त्या माणसावरही.

पैसा नाही, हा तिसरा आक्षेप मुंबईत तरी टिकत नाही. 2025-26 चा महापालिकेचा अर्थसंकल्प 74 हजार 427 कोटी रुपयांचा होता. तुलनेसाठी पाहायचे तर केंद्राने एप्रिल 2023 मध्ये देशभरातल्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 157 नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, त्यांचा एकूण खर्च 1 हजार 570 कोटी, म्हणजे एका महाविद्यालयाला 10 कोटी. मुंबईतले किनारी रस्ते आणि उड्डाणपूल ज्या आकड्यांत मोजले जातात त्यांच्यापुढे ही रक्कम किती लहान आहे हे सांगायला नको. उपनगरांत जुन्या रुग्णालयांच्या जागी नव्या उंच इमारती होत आहेत आणि त्या खासगी भागीदारीत चालवायच्या प्रस्तावांवर कर्मचारी संघटना भांडत आहेत. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी विचारायला हवा असा प्रश्न सहसा निघत नाही: या इमारतीत शिकवणार कोण, कोणाला आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली?

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेचा अर्थसंकल्प जाहीर होतो आणि वर्तमानपत्रांत रस्ते, पूल, नव्या खाटा यांचे आकडे झळकतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या रहिवाशांनी यापुढे त्यात दोन आकडे शोधावेत. आपल्या भागातल्या रुग्णालयात परिचारिका आणि तंत्रज्ञ शिकवण्यासाठी कायमची तरतूद किती, आणि मंजूर पदांपैकी भरलेली किती. ते आकडे सापडले नाहीत, तर आपल्या नगरसेवकाला लेखी पत्र लिहून विचारावेत.